खोब्रागडे सरांचे दहा जर्मन

खोब्रागडे सर फोनवर स्वतःचं नाव सांगायला लागले की मी खिशातले शेंगदाणे बाहेर काढायचो. तेवढा वेळ हातात असायचा.

"कॉफमान," सर म्हणायचे आणि थांबायचे. समोरच्यानं लिहून घेतलं याची खात्री झाली की पुढे. "हाइनरिश. ओटो. बेर्टा. रिशार्ड. आंटोन. गुस्टाव. परत आंटोन. डोरा. एमिल."

फोनवर नावाचं स्पेलिंग सांगायची जर्मनीत ही रीतच आहे. आपण शाळेत 'क कमळाचा' म्हणायचो, तसा इथं 'के' कॉफमानचा आणि 'एच' हाइनरिशचा. आम्ही बाकीचे मराठी लोक यातून पळवाटा काढायचो. माझ्या कंपनीतला देशपांडे हॉटेलात टेबल सांगताना 'हेर देश', म्हणजे 'देशसाहेब', म्हणून मोकळा व्हायचा. खोब्रागडे सर मात्र दहाच्या दहा जर्मन माणसं वरातीसारखी रांगेनं आणायचे. एखादी रिसेप्शनिस्ट मध्येच "कळलं, कळलं" म्हणाली, तर पहिल्या कॉफमानपासून पुन्हा सुरू.

"सर, नुसतं पहिलं नाव सांगा ना," मी एकदा म्हणालो.

"काऊन? आडनाव का कापड आहे, कापून द्यायला?"

सर मूळचे नागपूरचे. रसायनशास्त्रात पीएचडी. लुडविग्सहाफेनच्या त्या अवाढव्य केमिकल कारखान्यात ते रंगांवर काम करत. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि आमची ओळख झाली तेव्हाही ते 'दोन वर्षांसाठी'च आलेले होते. पत्नी सुषमाताई नागपुरात मुख्याध्यापिका. मूलबाळ नाही. सर दर उन्हाळ्यात महिनाभर नागपूरला जायचे, आणि उरलेले अकरा महिने त्या महिन्याबद्दल बोलायचे.

आमची ओळख ट्राममध्ये झाली. मी माझ्या मुलीला मराठीतून रागावत होतो, ती मला जर्मनमधून उत्तरं देत होती. मागच्या सीटवरून आवाज आला, "पोरगी बरोबर सांगून राहिली, साहेब. दार त्याच बाजूनं उघडते." मी पंपांच्या कंपनीत इंजिनिअर आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं, पण वापरलं कधीच नाही. मी कायमचा 'इंजिनिअर' झालो.

महिन्याभरात त्यांनी मला कामाला लावलं. त्यांना फाल्त्सच्या ग्रामीण भागात घर घ्यायचं होतं. फाल्त्स म्हणजे आमच्या राज्याचा दक्षिणेचा भाग. लुडविग्सहाफेनच्या चिमण्या मागे टाकल्या की आधी द्राक्षांचे मळे लागतात, मग टेकड्या, मग अशी गावं की जिथं बसदेखील विचार करून येते. दोनेक वर्षांत सुषमाताई शाळा सोडणार, असं सर सांगायचे. त्या आल्या की तिथं राहायचं, मागे वांगी-मिरच्या लावायच्या, असा बेत. सरांना गाडी चालवता येत नव्हती. "दोन खांबांच्या मधून गाडी काढायची म्हटलं की मला त्या खांबांची दया येते," ते म्हणायचे.

"तर शनिवारी निघू. गाडी तुमची, पोळ्या माझ्या."

पोळ्या आणि ठेचा. माझी बायको कल्याणी म्हणायची, तू घर बघायला जात नाहीस, ठेचा खायला जातोस. ते खरंच होतं, कारण घर आम्ही बघतच नव्हतो. आम्ही एजंट बघत होतो.

"मकान नंतर बघू. आधी माणूस बघू," हे सरांचं पालुपद. इंटरनेटवर आख्ख्या राज्याची घरं विकणारे एजंट ढिगानं होते. सरांना ते नको होते. "गावातला पाहिजे. घर विकल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशी आपल्याच मागे ब्रेडच्या लायनीत उभं राहायचं आहे, असा. तो खोटं बोलत नाही."

एजंट दार उघडून 'स्वयंपाकघर नवीन आहे' वगैरे सुरू करायचा. सर बूट काढून, पिशवीतल्या सपाता घालून, भिंतींकडे न बघता विचारायचे, "इथं शेवटचं कोण राहत होतं? ते मागे काय लावायचे?" मानहाइमहून आलेला टोकदार बुटांचा एक तरुण यावर टॅबलेटमध्ये शोधायला लागला. सरांनी तिथंच सपाता काढल्या. "याला गावातली एक म्हातारी ओळखत नाही. हा काय घर दाखवते आपल्याला!" दुसरा प्रत्येक वाक्याला "दुर्मीळ संधी" म्हणायचा. सरांनी त्याला "गेनाऊ, गेनाऊ," म्हणत गाडीपर्यंत पोचवलं आणि माझ्या कानात म्हणाले, "सुटलो." गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. सरांचा गेनाऊ नेहमी नकाराच्या आधी यायचा.

मला यात मौज वाटायची. लहरी माणूस, शनिवारचा वेळ छान जातो, एवढंच. मग एका पावसाळी शनिवारी आम्ही कायझर्सलाउटर्नच्या पलीकडे एकाला भेटायला गेलो. तो बरा वाटत होता. घर कुणाचं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. सर खुशीत येऊन नाव सांगायला लागले. हाइनरिशपर्यंत आले असतील, तेवढ्यात तो हसून म्हणाला, "मी नुसतं हेर के. लिहितो. गावात सगळ्यांना सोपं पडेल."

त्याच्या मनात काही वाईट नसावं. पण सरांनी पेन त्याच्या हातातून हलकेच काढून घेतलं, टोपण लावलं, टेबलावर ठेवलं, आभार मानले आणि बाहेर पडले.

मी गाडी सुरू केली, वायपर लावला. मग तेच बोलले.

"लग्न झाल्यावर मला तुमच्या पुण्यात नोकरी लागली होती, इंजिनिअर. खोली पाहून राहिलो होतो. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. तर एक एजंट भेटला. भला माणूस होता, त्याला खरंच मदत करायची होती. म्हणाला, सर, आपण नुसतं 'मधुकर सर' म्हणून सांगू. पुढचं कोणी विचारलं नाही, तर आपण कशाला सांगायचं?"

"मग?"

"मग काय, मिळाली खोली. मालकीणबाई सुषमाला मधुकरवहिनी म्हणायच्या. जेवायला ताट पाठवायच्या. सगळं चांगलं. फक्त आमच्या घरात कायम भिंतीवर असते ती निळ्या कोटातली तसबीर पेटीत होती. चौदा एप्रिलला सुषमानं ती काढली. खिडकी लावली. मेणबत्ती पेटवली, पाया पडली, आणि परत पेटीत ठेवली. मला म्हणाली, पुढचं घर असं घ्या, की खिडकी लावावी नाही लागणार."

त्यांनी काच पुसल्यासारखं केलं. ती आतून स्वच्छच होती.

"एजंट चुकला की घर चुकते," सर म्हणाले. "म्हणून आधी माणूस बघतो. तुम्हाला गंमत वाटत असेल."

मी शेंगदाणे आणायचं बंद केलं.

लेन्त्सबाई, इथल्या भाषेत फ्राऊ लेन्त्स, आम्हाला बेकरीत सापडल्या, म्हणजे त्यांचं नाव सापडलं. टेकड्यांमधल्या एका गावात सरांनी बेकरीवालीला विचारलं, इथं घरं कोण विकतं? ती म्हणाली, "फ्राऊ लेन्त्स. म्हणजे ती विकत नाही सहसा, पण तिलाच विचारावं लागतं."

चर्चच्या मागे एक जुनं खाटकाचं दुकान होतं. नवरा गेल्यावर फ्राऊ लेन्त्सनी त्याचंच ऑफिस केलं होतं. पांढऱ्या टाइल्स तशाच, आणि सॉसेज टांगायच्या आकड्यांना घरांचे फोटो चिमट्यानं लावलेले. दारावर टाइप केलेला कागद: 'घरे. फक्त या तीन गावांतली.' बाई सत्तरीच्या, अंगानं भरलेल्या, पायात रबरी बूट. बोली इतकी अस्सल फाल्त्सची, की मला निम्मंच कळायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "अल्ला हॉप!" म्हणजे आपलं 'चला तर मग'.

सर खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी वरात काढली. कॉफमान, हाइनरिश, ओटो... बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. एमिल येऊन बसल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"एवढी सगळी येणार राहायला? एवढं मोठं घर नाही हो माझ्याकडे."

सर आधी गोंधळले. मग असे हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमची आई कसं म्हणायची, तसं म्हणा."

"खोब्रागडे."

"कोब्रा..."

"कोब्रा नाही. ख. खो."

"ख," बाई म्हणाल्या. जर्मन माणसाच्या घशात ख असतोच, फक्त तो असा नावाच्या सुरुवातीला काढायची त्यांना सवय नसते. "खो. ब्रा. गा. डे. आल्झो, तर मग, हेर खोब्रागाडे. कोण राहणार आहे?"

हा प्रश्न तोवर आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. सरांनी सुषमाताईंबद्दल सांगायला सुरुवात केली आणि ऑफिस बंद व्हायची वेळ टळून गेली तरी ते सांगतच होते. बाईंचे प्रश्न बारीक. गुडघे कसे आहेत? एकट्या असल्या की घाबरतात का? शेजारणींशी बोलायला आवडतं की नाही? शेवटी म्हणाल्या, "आज घर नाही दाखवत. मे महिन्यात सगळी घरं गोड दिसतात. नोव्हेंबरात या."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सापडली."

नोव्हेंबरपर्यंत कुठला दम निघतोय! सर दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी निमित्त काढायचे. त्यांनी चिवडा नेला, बाईंनी आलुबुखाराचा केक दिला. बाईंनी चिवड्यातल्या मिरच्या वेचून एका बशीत ठेवल्या आणि विचारलं की ही सजावट आहे का. नोव्हेंबरात बाईंनी दोन घरं स्वतःच नाकारली. एकाचा जिना उभा होता ("तुमची बायको इथून पडेल") आणि दुसऱ्याच्या मालकिणीचा मुलगा घर विकल्यावरही रोज येऊन झाडं बघत बसेल असा होता. पुढचा हिवाळा, मग वसंत. शेवटी गल्लीच्या टोकाचं एक बैठं घर निघालं. दोन खोल्या, मागे अक्रोडाचं झाड, स्वयंपाकघराची खिडकी थेट शेताकडे. "दोष दोन," बाई म्हणाल्या. "पाऊस पश्चिमेकडून आला की तळघर ओलं होतं. आणि शेजारचा रविवारी ट्रंपेट वाजवतो. वाईट वाजवतो."

सर त्या खिडकीपाशी उभे राहिले. तिची कडी त्यांनी काढली, लावली, परत काढली. मग म्हणाले, "सुषमाला दाखवू."

गावात रेंज नव्हती. मागच्या अंगणातल्या बाकावर चढून फोन डोक्यावर धरला, तर दोन कांड्या यायच्या. तेव्हा माझ्याच फोनवरून नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. पन्नाशी उलटलेले रसायनशास्त्रज्ञ बाकावर हात उंच करून उभे, खाली रबरी बुटातल्या फ्राऊ लेन्त्स त्यांची पँट मागून धरून, आणि मी धावत धावत वर्णन करतोय: हे अक्रोडाचं झाड, ही खिडकी, इकडे वांग्यांची जागा.

पडद्यावर सुषमाताई चष्मा वर करून बघत होत्या. गोल, शांत चेहरा.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "कोण राहणार?"

"कोण म्हणजे? आपण!"

पलीकडून काहीच आवाज नाही.

"रेंज गेली वाटते," सर म्हणाले आणि टाचा उंच केल्या. रेंज गेली नव्हती. पडद्यावर सुषमाताईंच्या मागे भिंतीवरचं कॅलेंडर पंख्यानं हलताना मला दिसत होतं.

"अहो, घर आहे न आपल्याला," सुषमाताई म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली मी बांधून. तुम्ही येता, पाहुण्यांच्या खोलीत बॅग ठेवता, महिनाभर राहता आणि जाता. गच्चीवर तरी चढून पाहिलं का एकदा?"

"पण तू म्हणाली होतीस न. पुण्यात. ते खिडकीचं..."

"कोणती खिडकी?" त्यांना खरंच आठवायला वेळ लागला. मग त्या हसल्या. "अगं बाई! तुम्ही अजून तिथंच आहात का? मी तर इथं साऱ्या खिडक्या उघड्या टाकून झोपते. तसबीर हॉलमध्ये लावली आहे, रस्त्यावरून दिसते. शाळा सोडून मी तिकडे येईन, असं कधी म्हटलं का मी? तुम्हीच म्हणून राहिले. मला वाटलं, तेवढाच तुमचा विरंगुळा, शनिवारी."

सर बाकावरून उतरले. फोन माझ्या हातात दिला. फ्राऊ लेन्त्सना मराठी कळलं नव्हतं, पण त्यांनी पँट सोडली नव्हती.

"काय म्हणाली?"

सरांनी सांगितलं. अगदी स्वच्छ जर्मनमध्ये, क्रियापदं शेवटी ठेवून. की तिचं तिकडे घर आहे. की ते तिनंच बांधलं. की ती वाट बघत होती.

मला वाटलं बाई चिडतील. एवढे महिने घालवले त्यांनी. त्यांनी आता कुठं पँट सोडली आणि विचारलं, "मग तुम्ही इथं काय करताय, हेर खोब्रागाडे?"

आम्ही परत निघालो. पोळ्यांचा डबा मागच्या सीटवर तसाच राहिला. घराशी सोडलं तेव्हा खाली वाकून म्हणाले, "मी तिच्यासाठी शोधत होतो, इंजिनिअर. ती माझ्यासाठी बांधून बसली होती. दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही." आणि दार हळू लावून गेले.

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली, निवृत्तीच्या आधीच. सामान फारसं नव्हतंच. निघायच्या आधी आम्ही फ्राऊ लेन्त्सना भेटायला गेलो, तर ऑफिस रिकामं. बाईंना मुलानं हॅम्बर्गला नेलं होतं, सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बेकरीवालीनं सांगितलं. सर कितीतरी वेळ त्या काचेतून रिकामे आकडे बघत होते. "सहावा मजला," एवढंच म्हणाले. "त्यांचे गुडघे कोणी विचारले?" गल्लीच्या टोकाचं ते घर शहरातल्या एका कुटुंबानं घेतलं. ते सुट्टीला येतात म्हणे, आले तर.

त्यानंतर दीडेक वर्षानं कल्याणीच्या चुलतबहिणीच्या लग्नासाठी आम्ही नागपूरला गेलो होतो. थंडीचे दिवस. एका संध्याकाळी पत्ता शोधत मी सरांच्या घरी गेलो. छान घर. पिवळसर रंग, वर गच्ची, फाटकाशी लिंबाचं झाड. आणि दाराबाहेरच्या पायरीवर सर बसलेले. शेजारी मेथीची जुडी आणि संत्र्यांची पिशवी.

"अरे, इंजिनिअर!" ते उठले, मिठी मारली, आणि परत पायरीवर बसले. मलाही बसवलं.

दाराला कुलूप होतं. मला वाटलं, विसरले असतील. "सर, चावी नाही का?"

"आहे न." त्यांनी खिशातून काढून दाखवली आणि परत ठेवली. "येईलच ती आता. शाळा सुटली असेल."

आम्ही तिथंच बसून गप्पा मारल्या. त्यांनी संत्री सोलून दिली. समोरून जाणारा एक जण म्हणाला, "काय सर, आज पाहुण्यांनाही बाहेरच?" म्हणजे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं स्कूटरचा आवाज आला. सुषमाताईंनी हेल्मेट काढलं, मला बघून हसल्या, कुलूप उघडलं. सर उठले, मेथी घेतली आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.

आत मात्र ते जरा चाचपडतच होते. चहा मीच करतो म्हणाले, पण वेलदोडे कुठं आहेत ते विचारलं, गाळणी विचारली. दिवा लावायच्या आधी बायकोकडे बघितलं. शेवटी दूध कमी पडलं म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले.

"रोज असंच," सुषमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "कितीदा सांगितलं, उघडून आत बसत जा, लोक काय म्हणतील. तर म्हणतात, वीस वर्षं कामावरून आलो, कुलूप उघडलं, आत कोणी नाही. आता माझ्यानं होत नाही."

मी रिकामे कप सरळ मांडले.

"मी पण तेवढीच वर्षं उघडलं न हो," त्या म्हणाल्या. "मला कोणी विचारलं?"

त्या उठल्या, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे पाठ करून मेथी निवडायला लागल्या.

"आधी मी शाळा सुटली की स्टाफरूममध्ये बसायची, सात-सात वाजेपर्यंत. घाई कशाची होती? आता नाही बसत. घंटा झाली की निघते."